शेजारी कोण बसलंय?

बारावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी लायसन्सचा विषय निघतो. तोवर पोरगं दोन वर्षं घरची अ‍ॅक्टिव्हा चालवून राहिलेलं असतं. शिकवणीला, दूध आणायला, "इथून इथे तर जातो" म्हणत. गाडी आधी आणि कागद मागून, हा आपल्याकडचा क्रम. आम्ही आमच्या भागातल्या मुलामुलींचे अर्ज भरून देतो, त्यांच्या सरावाला उभे राहतो, गिरीपेठेतल्या आरटीओपर्यंत सोबत जातो. यातली काही मुलं नेमबाजी शिकतात, म्हणून शस्त्र परवान्याचे कागदही आमच्या हाताखालून जातात. दोन्ही ठिकाणी कायद्याचा ढाचा सारखाच आहे: नवशिक्याच्या शेजारी एक जाणता, परवानाधारक माणूस हवा. सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती नेमकी याच अटीची.

आधी वयाचं बोलू. गिअरची दुचाकी आणि कार यांसाठी १८ वर्षं पूर्ण हवीत. मालवाहू किंवा प्रवासी वाहन धंद्यासाठी चालवायचं तर २०. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी आणि पालकांच्या संमतीने. अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन ११० सीसीच्या घरातलं आहे. ५० सीसीची पेट्रोल स्कूटर आज शोरूममध्ये शोधूनही सापडायची नाही, त्यामुळे सोळाव्या वर्षाचं लायसन्स कागदावरच राहतं. ते खिशात ठेवून घरची स्कूटर चालवणं म्हणजे लायसन्स नसल्यासारखंच.

बॅटरीच्या स्कूटरचा घोळ वेगळा. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, या तिन्ही अटी पाळणारी गाडी कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत. तिला नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. पण गल्लीतला मेकॅनिक वेगाचं 'लॉक' काढून देतो आणि तीच गाडी चाळिसाने पळू लागते. त्या क्षणापासून ती मोटार वाहन आहे, फक्त नोंदणी नसलेलं आणि विमा नसलेलं. नववीतल्या मुलासाठी अशी गाडी घेणाऱ्या आईबापांना आम्ही हे दुकानात जाण्याआधीच सांगतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि पालकांना सहसा ठाऊक नसलेला भाग म्हणजे, त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा मिळत नाही. दंड भरून मोकळं होता येतं, पण नोकरी शोधायच्या वयातली ती सात वर्षं परत मिळत नाहीत. माझ्या नकळत नेली, हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध पालकांनी करायचा असतो. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल तर तो कसा सिद्ध करणार, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता लर्निंग. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडायचं आणि शिकाऊ अनुज्ञप्तीचा अर्ज उघडायचा. जून २०२१ पासून आपल्या राज्यात आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देता येते, आरटीओत जावं लागत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो थेट आधारवरून उचलला जातो. सोय मोठी आहे आणि अडतंही नेमकं तिथेच. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू नसेल तर ओटीपी येत नाही. आधारवर पूर्ण जन्मतारखेऐवजी नुसतं सालच असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. आणि फोटो सहा-सात वर्षांच्या वयातला असेल तर परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यासमोरचा अठरा वर्षांचा चेहरा त्याच्याशी जुळता जुळत नाही. पंधराव्या वर्षानंतर आधारचं बायोमेट्रिक नव्याने करायचं असतं. बऱ्याच घरांत ते राहूनच जातं. म्हणून लायसन्सचा अर्ज करायच्या महिनाभर आधी आधार केंद्राची एक चक्कर मारून घ्या.

ज्यांचं आधार अडलंय त्यांना कागद घेऊन आरटीओत परीक्षा देता येते. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. नागपुरात तीन नोंदणी कार्यालयं आहेत: एमएच ३१ शहर, एमएच ४९ पूर्व आणि एमएच ४० ग्रामीण. अर्जात कार्यालय निवडताना घाई नको. वर्धा, भंडारा, गडचिरोलीहून इथे शिकायला आलेली पोरं आधारच्या पत्त्यामुळे नकळत गावच्या कार्यालयात अर्ज करून बसतात आणि पक्क्या परीक्षेची वेळ आली की बस पकडतात. २०१९ पासून राज्यातल्या कुठल्याही कार्यालयात अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही.

अर्जात वाहनाचा प्रकार विचारतात तेव्हा विचार करून खूण करा. 'विनागिअर' घेतलं तर पुढे तेवढंच मिळतं. बुलेट, पल्सर, स्प्लेंडर कधी ना कधी हाताशी येणार असेल तर 'गिअरसह' मागा. त्यात विनागिअर येऊन जातं. सोबत हलकं मोटार वाहन, म्हणजे कार, घेतलं तर प्रकार दोन झाले. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी प्रत्येक प्रकाराला १५० रुपये, परीक्षेचे ५०. पक्क्याच्या वेळी चाचणीचे प्रत्येक प्रकाराला ३०० आणि लायसन्सचे २००. स्मार्ट कार्डचे पैसे वेगळे. यापेक्षा हजारांनी जास्त कुणी मागत असेल तर जास्तीचे कशाचे, ते विचारा. अर्जात अवयवदानाचाही एक प्रश्न असतो. त्यावर घाईत हो किंवा नाही ठोकण्यापेक्षा आदल्या रात्री जेवताना घरच्यांशी बोलून घ्यावं. अठराव्या वर्षी विचारला जाणारा हा पहिला मोठ्या माणसाचा प्रश्न आहे.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहावा लागतो. तो चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका, प्रश्न त्यातूनही येतात. पास व्हायला ६० टक्के बरोबर लागतात. चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. गोल फलक म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, निळा चौकोनी म्हणजे माहिती, एवढं पक्कं असलं तरी 'पार्किंग नाही' आणि 'थांबायचंही नाही' यांत गल्लत होते: पहिल्यावर एक तिरकी रेघ, दुसऱ्यावर फुली. उलटा रिकामा त्रिकोण म्हणजे रस्ता द्या. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मोठा भाऊ शेजारी बसून उत्तरं सांगतो अशी घरं आहेत. त्या भावाला इतकंच सांगतो की चौकातला तो त्रिकोण पुढच्या महिन्यात बहिणीला एकटीनेच वाचायचा आहे.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्की चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. म्हणजे हातात पाच महिन्यांची खिडकी असते. सुट्ट्यांच्या दिवसांत तारखा भराभर भरतात. चौथा महिना उलटला तरी तारीख घेतली नसेल तर लर्निंग संपून पुन्हा पहिल्यापासून सगळं.

हा मधला काळ म्हणजे खरं शिक्षण, आणि नियम इथे अगदी काटेकोर आहेत. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच आणि २ सेंटिमीटर जाड. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला एल यात बसत नाही. त्याहून महत्त्वाचं, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस असा बसलेला हवा की वेळ पडली तर तो गाडी थांबवू शकेल. दुचाकीवर तो मागे बसतो, आणि शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवता येत नाही. लर्निंगवर मैत्रिणीला मागे घेऊन फुटाळा तलावावर जाणं म्हणूनच नियमात बसत नाही, हेल्मेट दोघींनी घातलं असलं तरी.

कारसाठी ड्रायव्हिंग स्कूल लावणार असाल तर हिशेब विचारा. नियमाने प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं. रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे आकडा जेमतेम बसतो. पण त्याच अर्ध्या तासात मागच्या सीटवरच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचीही पाळी असेल तर तुमच्या हातात स्टिअरिंग पाच तासच येतं. वहीत रोजची मिनिटं लिहा. गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे का, हे पहिल्याच दिवशी वाकून बघा. आणि आठवड्यातून एकदा त्यांना पाय काढून घ्यायला सांगा, कारण बरीच मुलं तीन आठवडे दुसऱ्याच्या क्लचवर गाडी चालवतात आणि चाचणीच्या दिवशी पहिल्याच उठावाला बंद पाडतात.

दुचाकीची चाचणी म्हणजे आठचा आकडा. मैदानात सहा-सात मीटरच्या अंतरावर दोन विटा ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. जमलं की विटा जवळ आणा. पाय टेकतो तो तीन कारणांनी. एक, नजर पुढच्या चाकावर असते. नजर पुढच्या वळणावर ठेवली तर गाडी तिकडेच जाते. दोन, वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला जातो आणि जोर गेला की गाडी कलते. अ‍ॅक्सिलरेटर हलका पण सारखा ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकने आवरा. तीन, वळणात पुढचा ब्रेक दाबला जातो, मग हँडल आत वळतं आणि गाडी आडवी. गिअरच्या गाडीवर क्लच पूर्ण दाबून वळू नका, अर्ध्यावर धरा. मे महिन्यात हा सराव सकाळी सहाला उरकायचा. पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना हेल्मेटखाली घाम डोळ्यात उतरतो आणि पोट्टे हेल्मेट काढून विटांवर ठेवतात. ती सवय तिथेच मोडायची.

आठ जमला म्हणजे रस्ता जमला असं नाही. नागपूरच्या रस्त्यांची स्वतःची काही दुखणी आहेत. सिमेंट रोड भरपूर, आणि कडेच्या गट्टूंपेक्षा किंवा मातीपेक्षा सिमेंट बऱ्याच ठिकाणी काही इंच उंच. खाली उतरलेली स्कूटर तिरक्या चाकाने वर चढवायला गेलात तर टायर कडेला घासत जातो आणि माणूस सिमेंटवर. थांबा, मागे बघा, आणि जमेल तितकं काटकोनात वर घ्या. पावसाळ्यात प्लॉटमधली काळी माती ट्रकच्या चाकांसोबत डांबरावर येते आणि पहिल्या सरीत साबणासारखी होते. तिथे वळणं नाही, ब्रेक नाही, सरळ आणि हळू. रिंग रोडवर ट्रकच्या डाव्या बाजूने शिरू नका. तुम्हाला त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वर्धा रोडचा डबल डेकर पूल पहिल्या दोन आठवड्यांत नकोच. ताशी ५० ला गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते आणि पुलावर बाजूला घ्यायला जागा नसते.

चाचणीच्या दिवशी गाडी तुमची किंवा स्कूलची, पण कागद तिचेही लागतात: आरसी, विमा, पीयूसी. पीयूसी आदल्या आठवड्यात संपलेलं असतं आणि ते मैदानावर कळतं, हा दरवर्षीचा प्रकार. कारमध्ये बसल्यावर क्रम चुकवू नका: सीट, आरसे, पट्टा, न्यूट्रल, मग चावी. पट्टा नंतर लावणारे तिथेच नजरेत भरतात. एच आकाराच्या मार्गावर रिव्हर्स घेताना घोटाळा वेगाचा असतो. अर्ध्या क्लचवर गाडी सरपटत ठेवा आणि स्टिअरिंग गाडी हलत असतानाच फिरवा. फक्त मागच्या काचेतून बघितलं तर पुढचं डावं टोक खांबाला लागतं. चढावर हँडब्रेक ओढा, क्लच सोडत इंजिनाचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक खाली. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा येता येतं. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं.

पास झाल्यावर कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं. भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला असेल तर पोस्टमनला खोली सापडेल असा द्या. तोवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स कायद्याने चालतं. ही अ‍ॅप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावाने आलेली फाईल उघडली की बँकेचं खातं रिकामं होतं. अठराव्या वर्षी काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं.

आता बंदुकीचं. इथे आकडा २१ आहे, १८ नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे २१ पूर्ण होण्याआधी बंदूक बाळगता येत नाही. खेळाडूंना मात्र वाट ठेवलेली आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये १२ ते २१ वयाच्या ज्युनियर नेमबाजाला सराव आणि स्पर्धेसाठी शस्त्र वापरता येतं, पण प्रशिक्षक किंवा परवानाधारक मोठा माणूस प्रत्यक्ष हजर असताना. म्हणजे इथेही शेजारी माणूस आलाच. १० मीटरच्या एअर रायफलला किंवा पिस्तुलाला परवाना लागत नाही, जोवर छऱ्याचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि नळीतून निघतानाची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या जाड छऱ्याच्या एअरगन या सवलतीत बसत नाहीत, आणि विकणारा ते सांगत नाही.

रेंजवर पहिले काही आठवडे कंटाळवाणे असतात आणि ते तसेच असावेत. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर. गोळी झाडत नसताना नळीत भगवी सुरक्षा दोरी, म्हणजे सगळ्यांना लांबूनच दिसतं की शस्त्र रिकामं आहे. पुढे कुणी लक्ष्याजवळ असेल तर शस्त्राला हात नाही, रिकामं असलं तरी. हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा, स्पर्धेच्या नियमांप्रमाणे बनवल्यापासून दहा वर्षांनंतर तो बाद. एअर पिस्तुलाच्या घोड्याला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागलाच पाहिजे. हलका करून घेतलेला घोडा वजन तपासताना पकडला जातो, आणि त्याआधी कधीतरी नको तेव्हा सुटतो. छरे शिशाचे असतात. सरावानंतर हात धुतल्याशिवाय समोशाला हात लावायचा नाही.

२१ पूर्ण झाल्यावर स्वतःच्या परवान्यासाठी नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करायचा, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. ओळख, पत्ता, वय यांच्या पुराव्यांसोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी ते कुलपात ठेवण्याची हमी लागते. खेळाडूने क्लबचं सभासदत्व आणि स्पर्धांचे निकाल जोडावेत. 'जिवाला धोका' असं मोघम लिहिण्यापेक्षा ते कारण कितीतरी ठोस ठरतं. मग फाईल पोलीस ठाण्याकडे चौकशीला जाते. पोट्टे जुनी भानगड विसरलेले असतात, ठाणं विसरत नाही. शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतलेलं असेल, ज्याला सगळे 'चॅप्टर केस' म्हणतात, तर त्या मुदतीत परवाना मिळत नाही. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती संपल्यावरही पाच वर्षं नाही.

तलवारीने केक कापायच्या हौसेचं इथेच सांगून टाकतो. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र नियमांच्या यादीत येतं. वाढदिवसाचा तो व्हिडिओ मित्रच टाकतात, पोलीस तो तिथूनच उचलतात, आणि गुन्हा शस्त्र अधिनियमाखाली नोंदला जातो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरीही.

परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त दोन शस्त्रं. निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. सवलत हवी असेल त्या खेळाडूने स्पर्धेच्या तारखांसह आधीच अर्ज द्यावा. जमा करताना मिळालेल्या पावतीवर शस्त्राचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळतो का, हे ठाण्याच्या टेबलावरच तपासून घ्या. एक अंक चुकला तर परत घेताना तुमचंच पिस्तूल तुमचं आहे हे पटवत बसावं लागतं.